मुद्दे सर

मुद्दे सरांना कुठल्याही विषयावर चार शब्द बोलायला सांगा. ते आधी विचारतात, "किती मिनिटं?" मग विचारतात, "बाजूनं की विरोधात?" विषय कोणता, हे ते सगळ्यात शेवटी विचारतात, आणि घाई असली तर विचारतही नाहीत.

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते सांगून उपयोग नाही, कारण मुद्दे सर ही एक व्यक्ती नसून जमात आहे. ठाण्यात ते नौपाड्यात भेटतात, नागपुरात धरमपेठेत, कोल्हापुरात राजारामपुरीत. पाटीवर कुठं 'कम्युनिकेशन कन्सल्टंट' असतं, कुठं 'राजकीय संवाद सल्लागार'. आमच्या पुण्याच्या सरांची पाटी सदाशिव पेठेत आहे आणि ती तीन थरांची आहे. तळाला 'वक्तृत्व वर्ग, सुट्टीत खास बॅच', तिच्यावर चिकटवलेलं 'स्पर्धा परीक्षा मुलाखत मार्गदर्शन' आणि त्याच्यावर ताणून बसवलेला फ्लेक्स, 'मीडिया ट्रेनिंग व डिबेट कोचिंग, फक्त अपॉइंटमेंटने'. पावसाळ्यात फ्लेक्सचा कोपरा सुटतो, तेव्हा सरांची सगळी कारकीर्द रस्त्यावरून एकदम वाचता येते.

ही कारकीर्द सुरू झाली वादविवाद स्पर्धेत. ऐंशीच्या दशकात ज्या मुलाला क्रिकेट येत नसे, गाणं येत नसे आणि गप्प बसणंही येत नसे, त्याला मराठी शाळा वक्तृत्वाला पाठवत असे. 'सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक, वेळाधिकारी आणि माझ्या विरोधी मित्रांनो' हे सरांना तिसरीत पाठ होतं. विषय ठरलेले असत. विज्ञान शाप की वरदान, दूरदर्शन शाप की वरदान. बाजू चिठ्ठीत जी निघेल ती. कॉलेजात असताना सरांनी एका ठिकाणी दूरदर्शन शाप आहे म्हणून पहिला नंबर काढला आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी वरदान आहे म्हणून पहिला. उदाहरणं दोन्हीकडे तीच होती. 'त्यामुळेच'च्या जागी 'तरीसुद्धा' घातलं, एवढाच फरक.

चिठ्ठी काढून बाजू देण्याची पद्धत तशी वाईट नाही. समोरच्याचं म्हणणं पोराला कळावं, एवढाच तिचा हेतू. सरांना दोन्ही बाजू इतक्या चांगल्या कळल्या, की पुढं कुठलीही एक घ्यायची गरजच उरली नाही. त्या काळी मिळालेल्या स्टीलच्या ताटांत त्यांच्याकडे अजून पंगत बसू शकते. फिरते करंडक वर्षानं परत करावे लागत. एका कॉलेजातली स्पर्धाच पुढच्या वर्षी बंद पडली, आणि तो करंडक सरांच्या घरी कायमचा मुक्कामाला राहिला. आता त्यात माइकच्या बॅटऱ्या असतात.

पदवीनंतरची काही वर्षं पटकन सांगून टाकतो, कारण सर स्वतःही ती पटकन सांगतात. शाळेत हंगामी शिक्षक, गणेशोत्सवात व्याख्यानं, सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिरं, मग लोकसेवा आयोगाच्या मुलाखतींची तयारी. इथं त्यांचं नाव झालं. उत्तर येत नसेल तर 'माफ करा, मला याची माहिती नाही' हे नजर न चुकवता कसं सांगावं, हे सर फार सुंदर शिकवत. त्यांचे कितीतरी विद्यार्थी या एका वाक्यावर साहेब झाले. पुढं राजकारणात उतरल्यावर सरांना तोच धडा उलटा करावा लागला. अधिकारी होणाऱ्याला, माहीत नसेल तर तसं सांगायला शिकवायचं. पुढारी होणाऱ्याला, माहीत असलं तरी न सांगायला.

हा बदल घडवला वृत्तवाहिन्यांनी. 2007-08च्या सुमारास मराठीत चोवीस तासांच्या बातम्यांच्या वाहिन्या एकीमागोमाग एक सुरू झाल्या. चोवीस तास चालायचं म्हणजे चोवीस तास कुणीतरी बोललं पाहिजे, आणि महाराष्ट्रात रोज तेवढं घडत नाही. चर्चा हा सगळ्यात स्वस्त कार्यक्रम. चार खुर्च्या, एक अँकर आणि फुकट येणारे पाहुणे. तोवर पक्षात जो बोलू शकतो तो प्रवक्ता असायचा. आता आधी प्रवक्ता म्हणून नेमणूक व्हायला लागली, आणि मग त्या माणसाला बोलायला कुठं पाठवायचं असा प्रश्न पक्ष कार्यालयांना पडायला लागला. त्या प्रश्नाचं उत्तर सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर निळा पडदा लावून बसलेलं होतं.

"संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अत्रे, एसेम, डांगे यांना कोण कोच होता?" असं मी एकदा विचारलं.

"कुणी नव्हता, हीच तर अडचण," सर म्हणाले. "आचार्य अत्रे आजच्या पॅनेलवर टिकले नसते. पहिला विनोद करणार, लोक हसणार, हसणं थांबेपर्यंत ब्रेक! आणि 'गेल्या दहा हजार वर्षांत' असं म्हणाले असते तर अँकरनं विचारलं असतं, सोर्स काय?"

सरांची शिकवणीची खोली बघण्यासारखी आहे. समोर कॅमेरा, दोन बाजूंना डोळे दिपवणारे दिवे, पोडियम म्हणून इस्त्रीचं टेबल आणि स्वयंपाकघरातून आणलेला टायमर. पूर्वी तिथं फिरती खुर्ची होती. उत्तर सुचलं नाही की उमेदवार गोल फिरतो, हे लक्षात आल्यावर सरांनी ती काढून चार पायांची लाकडी आणली. सरांचा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि उरलेल्या वेळात विरोधी उमेदवार होतो. रोनाल्ड रेगनच्या तयारीत त्यांचे अर्थसंकल्प सांभाळणारे डेव्हिड स्टॉकमन प्रतिस्पर्ध्याच्या भूमिकेत उभे राहत, हे वाचल्यापासून सरांनी भाच्याला हे काम दिलं. भाचा सकाळी एका पक्षाचा असतो, दुपारी दुसऱ्या. तो इतका चांगला भांडतो की एका पक्षानं त्याला युवक आघाडीत घ्यायची तयारी दाखवली होती. कुठल्या पक्षानं, ते त्यालाही आता आठवत नाही.

शिकवणीचा गाभा म्हणजे सरांची त्रिसूत्री. पहिलं, "फार चांगला प्रश्न विचारलात." प्रश्न वाईट असेल तर हे जास्त ठासून म्हणायचं. दुसरं, "पण मूळ मुद्दा असा आहे की." इथं विचारलेला प्रश्न संपतो आणि आपण घरून आणलेलं उत्तर सुरू होतं. तिसरं, "शेवटी जनता सुज्ञ आहे." याला तोड नाही, कारण जनता अडाणी आहे असं म्हणायची कुठल्याच विरोधकाची टाप नसते. नव्या विद्यार्थ्याला सर पहिल्या दिवशी एकच प्रश्न घालतात, "तुमचं नाव काय?" जो नाव सांगतो तो नापास. परवा एका पोरानं न अडखळता सांगितलं, "फार चांगला प्रश्न विचारलात, पण मूळ मुद्दा असा आहे की नावापेक्षा कामं बोलली पाहिजेत, आणि शेवटी जनता सुज्ञ आहे." सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरांचा व्यासंग मोठा आहे, हे मान्य केलं पाहिजे. आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या उमेदवारांनी समोरासमोर उभं राहून वाद घालायची रीतच नाही, म्हणून ते अभ्यास अमेरिकेचा करतात. 26 सप्टेंबर 1960 हा दिवस ते घरातल्या वाढदिवसासारखा सांगतात. त्या दिवशी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन टीव्हीवर पहिल्यांदा समोरासमोर आले. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यानं दवाखान्यात पडून नुकते उठलेले, वजन उतरलेलं. रीतसर मेकअप करून घ्यायला ते तयार नव्हते. दाढीची खुंटं झाकायला वरवर पावडर फासली, तिच्यातून घाम फुटला, आणि राखाडी सूट मागच्या पडद्यात विरून गेला. "त्या निवडणुकीनंतर तब्बल 16 वर्षं अध्यक्षपदाचा एकही उमेदवार अशा वादाला उभा राहिला नाही. थेट 1976! एका पावडरीचा हा परिणाम," सर सांगतात आणि ड्रॉवरमधून आपला डबा काढतात.

1976चा विषय निघाला की ते हळहळतात. त्या वर्षी जेराल्ड फोर्ड भर वादात बोलून गेले, की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. तेव्हा पोलंडपासून बल्गेरियापर्यंत सगळीकडे मॉस्कोचा वचक होता. साऱ्या देशानं कपाळावर हात मारला. "चूक काय झाली त्यांची?" सर वर्गाला विचारतात. कुणी म्हणतं माहिती चुकली, कुणी म्हणतं अभ्यास कमी पडला. "चूक एकच," सर बोट वर करतात, "मुद्द्यावर बोलले!"

2000 सालच्या वादातून त्यांनी सुस्कारा बंद केला. जॉर्ज बुश धाकटे बोलत असताना अल गोर मोठमोठ्यानं सुस्कारे टाकत होते आणि ते माइकमधून घरोघर गेले, म्हणून सरांच्या वर्गात श्वास फक्त नाकानं घेतात. 1984 सालातून त्यांनी विनोद घेतला. रेगन तेव्हा 73 वर्षांचे होते आणि त्यांना वय झेपेल का अशी कुजबुज सुरू होती. ते म्हणाले, की मी काही वयाचा मुद्दा करणार नाही, माझ्या प्रतिस्पर्ध्याचं तरुणपण आणि अननुभव यांचा राजकीय फायदा उठवणार नाही. समोर उभे असलेले मॉण्डेलसुद्धा हसले, आणि पुढं 50पैकी 49 राज्यांत हरले. सरांनी हा विनोद सगळ्या उमेदवारांना सरसकट वाटला. एका चौतिशीतल्या उमेदवारानं तो एकतिशीतल्या उमेदवाराला ऐकवला. सभेत कुणाला काही कळलं नाही, पण एका आजोबांनी उठून विचारलं, "म्हणजे म्हातारा कोण आहे तुमच्यात?"

तर असे हे जगातले सगळे वाद सरांना तोंडपाठ. कोण कुठं उभं होतं, टाय कुठल्या रंगाचा होता, पाणी कितव्या मिनिटाला प्यायले, सगळं पाठ. फक्त वाद कशावर झाला होता, तेवढं विचारायचं नाही.

हे मला कळलं ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे आमच्या भागातले जुने नगरसेवक. 2017च्या महापालिका निवडणुकीत पुतण्यानं त्यांना हट्टानं सरांकडे आणलं. त्या वर्षी पुण्यात चार सदस्यांचे प्रभाग झाले होते, म्हणजे नळाला पाणी आलं नाही तर चौघांपैकी कुणाची मान धरायची हे मतदारानंच ठरवायचं. अण्णा पांढरा शर्ट, पांढरी पँट, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही अशा वेषात त्या लाकडी खुर्चीत बसले आणि भाच्यानं विचारलं, "तुमच्या प्रभागात पाण्याची बोंब का आहे?"

अण्णा सांगायला लागले. खडकवासल्याहून पाणी येतं, टाकी किती वाजता भरते, चढावरच्या गल्लीला दाब का मिळत नाही, जुनी लाइन कुठं गंजली आहे. व्हॉल्व्हमनचं नाव घेतलं. तो पहाटे चारला चावी फिरवायला निघतो, त्याच्या सायकलची चेन पडली तर मागच्या दोन गल्ल्यांना पाणी उशिरा येतं. बोलता बोलता वही काढली, कुठल्या गल्लीत कधी तक्रार आली ते वाचून दाखवायला लागले. टायमर वाजला, पुन्हा वाजला, भाचा आ वासून ऐकत राहिला. त्याला विरोध करायचा होता हे तो विसरला.

"अण्णा, अण्णा!" सरांनी कॅमेरा बंद केला. "एवढं खरं सांगायचं नाही."

"का? खोटं आहे का काही?"

"खोटं असतं तर चाललं असतं. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो. आणि ते घड्याळ काढा आधी."

अण्णांनी मनगटावरच्या एचएमटीवर हात ठेवला. "घड्याळानं काय घोडं मारलंय?"

मग सरांनी त्यांना 1992ची गोष्ट सांगितली. व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड, 15 ऑक्टोबर. साध्या मतदारांनी प्रश्न विचारायचे, उमेदवारांनी उत्तरं द्यायची. एक बाई प्रश्न विचारत होत्या आणि थोरल्या बुशसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. कॅमेऱ्यानं ते टिपलं. अध्यक्षांना लोकांचा कंटाळा आलाय, अशी बोंब झाली आणि निवडणूक गेली. "क्लिंटन बघा. खुर्चीवरून उठले, बाईंच्या दिशेनं पावलं टाकत गेले. तेव्हापासून माझ्याकडे घड्याळ बंदी आहे, आणि पावलं टाकायचा सराव आपण उद्या घेऊ."

"त्या बाईनं विचारलं काय होतं पण?" अण्णांनी विचारलं.

सरांच्या चेहऱ्यावर तिसरीपासून कधी न आलेलं काहीतरी आलं. "ते... अर्थव्यवस्थेचं असणार काहीतरी."

भाच्याला माहीत होतं. त्यानं तो व्हिडिओ सरांसाठी कापून ठेवला होता. बाईंनी विचारलं होतं, की देशावरच्या कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय चटका बसला? बसला नसेल, तर आमच्यासारख्यांच्या दुखण्यावर तुम्ही औषध कसं शोधणार? त्यांना खरं तर मंदीबद्दल विचारायचं होतं. बुश चाचपडले, प्रश्न नीट कळला नाही असं म्हणाले. क्लिंटन म्हणाले की माझं राज्य लहान आहे, कारखाना बंद पडून नोकरी गेलेली माणसं मला नावानिशी ठाऊक असतात.

"मग तो चालत गेला म्हणून नव्हे," अण्णा म्हणाले, "माणसं नावानं ओळखत होता म्हणून निवडून आला की तो!"

"अण्णा, तेही आहे," सर म्हणाले, "पण पावलंही महत्त्वाची असतात."

फी आगाऊ भरलेली होती आणि पुतण्या ऐकायला तयार नव्हता. आठ दिवसांत अण्णांची वही गेली, घड्याळ गेलं, व्हॉल्व्हमन गेला, सायकलची चेन गेली. राहिली ती त्रिसूत्री आणि उघडा तळहात. बोट दाखवायचं नाही, तळहात उघडा ठेवायचा, हा सरांचा खास नियम. त्यामुळं माणूस प्रामाणिक दिसतो म्हणे.

प्रचार संपायच्या आधी स्थानिक केबल वाहिनीवर चर्चा ठरली. विषय पाणी. खाली पट्टी फिरत होती, 'प्रभागात पाणी पेटलं'. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाच्या ताई. ताईही सरांच्याच विद्यार्थिनी होत्या, हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांची बॅच संध्याकाळची होती. आणि मधे बसलेला अँकर हा सरांच्या वक्तृत्व वर्गाचा जुना हिरा. लग्नात दोन्हीकडचा मान घेणाऱ्या भटजीसारखे सर घरी टीव्हीसमोर सोवळं नेसल्यागत ताठ बसले होते. मी बाजूला होतो.

अँकरनं पहिला प्रश्न अण्णांना टाकला. अण्णांनी तळहात उघडला आणि म्हणाले, "फार चांगला प्रश्न विचारलात." ताईंनी तळहात उघडून मध्येच सुरुवात केली, "पण मूळ मुद्दा असा आहे की." मग दोघंही एकाच दमात म्हणाले, "आपण बोलत होतात तेव्हा मी मध्ये बोललो नाही." ताई 'बोलले' म्हणाल्या, तेवढाच फरक कानाला कळला. दोघंही एकदम थांबले, दोघांनीही एकदम स्मितहास्य केलं, कारण अडचण आली की स्मितहास्य करायचं हाही सरांचाच धडा. नंतरची दहा मिनिटं हे असंच चाललं. दोन आरसे समोरासमोर ठेवावेत तसे तळहाताला तळहात, सुज्ञ जनतेला सुज्ञ जनता. अँकरला शेवटी राहवलं नाही. तो म्हणाला, "दोघांनीही फार चांगली मांडणी केली, पण मूळ मुद्दा असा आहे की आता आपल्याला ब्रेक घ्यावा लागतोय."

सारी चर्चा संपली तरी 'पाणी' हा शब्द त्या पट्टीखेरीज कुठं आला नाही. सर समाधानानं उठले. "एकही चूक नाही," ते म्हणाले. "कुणीही अडकलं नाही."

अण्णा पडले. चर्चेमुळं पडले असं म्हणवत नाही. तेवढी माणसं केबलवरची चर्चा बघत नाहीत. निकालाच्या संध्याकाळी सर त्यांच्या घरी गेले. सरांचा एक नेम आहे. निवडून आलेल्याला ते फोन करतात, पडलेल्याच्या घरी जातात आणि त्याला अब्राहम लिंकन करून येतात.

"अण्णा, 1858. इलिनॉय राज्य. लिंकन आणि डग्लस, सिनेटच्या जागेसाठी सात गावांत सात वाद. एकेक वाद तीन तासांचा. पहिल्यानं साठ मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं नव्वद, मग पहिल्याला तीस मिनिटं उत्तराला. काय ती वेळेची शिस्त! आणि शेवटी सिनेटवर कोण गेलं? डग्लस. लिंकन पडला. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाला की नाही?"

"तीन तास कशावर बोलत होते ते?" अण्णांनी विचारलं. सवयच होती त्यांना ती.

"गुलामगिरीवर," सर म्हणाले. "पण विषय सोडा, शिस्त बघा."

विषय सोडण्यासारखा नव्हता. माणसानं माणसाला विकत घ्यावं का, नव्या मुलखात ही प्रथा पसरू द्यावी का, यावर ते दोघं उन्हातान्हात हजारो लोकांसमोर भांडले. पुढं त्यावरून देशात यादवी झाली. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना आमच्याच पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. सदाशिव पेठेपासून फुले वाडा चालत जाण्याइतका आहे. सर लिंकनच्या मिनिटांपर्यंत पोचले. या वाटेनं गेले नाहीत.

पुणे महापालिकेची ती मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढची निवडणूक प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं अडकून पडली आणि महापालिकेत प्रशासक बसला. सरांचा धंदा बसेल असं आम्हांला वाटलं होतं. झालं उलटंच. उमेदवार हे गिऱ्हाईक पंधरा दिवसांचं, इच्छुक वर्षानुवर्षांचा. चौकाचौकात 'भावी नगरसेवक' असे फ्लेक्स लागले आणि फ्लेक्सवरचा प्रत्येक चेहरा एकदा तरी दुसऱ्या मजल्यावर येऊन गेला. बोलायला व्यासपीठ नव्हतं, उत्तर द्यायला सभागृह नव्हतं, तरी बॅच भरलेल्या होत्या. कुणी काही विचारण्याआधीच उत्तर न देण्याची एवढी तयारी झालेली पिढी या शहरानं पूर्वी पाहिली नसेल.

सर माणूस म्हणून गोड आहेत. गरीब घरच्या पोराला वक्तृत्वासाठी ते अजून फुकट शिकवतात. दोन पक्षांचं गुपित पोटात ठेवून इकडचं तिकडं कधी केलं नाही. केलं असतं तरी फरक पडला नसता म्हणा, दोन्हीकडचं गुपित एकच होतं. प्रचार थांबल्यावर मतदान संपेपर्यंतचे ते शेवटचे 48 तास सर कडकडीत मौन पाळतात. घरी चहासुद्धा खुणेनं मागतात. त्या मौनातून ते बाहेर आल्यावर मी एकदा विचारलं, "सर, मतदान केलंत का?"

"दरवेळी करतो," ते म्हणाले. "पण फार त्रास होतो. यंत्रासमोर उभा राहिलो की एकेकाचं नाव वाचतो आणि त्याचं भाषण आठवतं. सगळी भाषणं मीच लिहिलेली असतात. सगळीच पटतात."

"मग काय करता?"

"2013पासून सोय झाली आहे," सर म्हणाले. "नोटा."

सरांवर रागावण्यात अर्थ नाही. ते माल विकतात आणि गिऱ्हाईक आपण आहोत. सभेहून घरी आल्यावर "काय बोलला पठ्ठ्या!" असं आपणच सांगतो, आणि काय बोलला असं घरच्यांनी विचारलं तर आपल्यालाही सांगता येत नाही. पडद्यावर सहा चौकटींत सहाजण ओरडत असतात, तेव्हा कोण भारी पडलं ते आपण पाहतो. नळ, रस्ता, शाळा, दवाखाना यांतलं त्यांना काय माहीत आहे, ते विचारत नाही. जोवर आपण विचारत नाही, तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लेक्सवर आणखी थर चढत राहणार.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत उमेदवार हात जोडून दारात आला, की एवढं करा. देशाचं, धर्माचं, इतिहासाचं काही विचारू नका. त्याची उत्तरं त्याला पाठ आहेत. आपल्या गल्लीत पाणी सोडायला पहाटे कोण येतो, त्याचं नाव विचारा. "फार चांगला प्रश्न विचारलात" असं म्हणाला, तर तो सरांकडे जाऊन आला आहे, त्याला नमस्कार करून दार लावा. नाव सांगितलं, तर मत द्यायचं की नाही ते सावकाश ठरवा, पण आधी त्याला आत बोलवा आणि चहा विचारा.